दोन नंबरच्या खेळाडूची पाळी

दुसऱ्याच्या कामात चूक सापडली की मला जेवण गोड लागतं. स्वभाव काही चांगला नाही, पण पोट त्याच्यावरच चालतं. शिरपूरला घरी बसून मी लोकांचे जुने प्रोग्राम एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणून देतो. कामं पुण्या-बंगलोरहून येतात, दारावर मात्र कोणी येत नाही. आई गेल्यापासून घरात मी एकटा. दिवसभरात बोलणं होतं ते दूधवाल्याशी, तेही "अर्धा की एक" एवढंच.

एका रविवारी जुन्या पेनड्राइव्हमध्ये अष्टाचंग्याचा खेळ सापडला. बस स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी आणि माझा एक मित्र शिकवायचो. घरचं शिवणकामाचं दुकान भावावर टाकून तो आमच्या तालुक्याच्या मालेगावहून रोज एसटीनं यायचा. दुपारच्या सुट्टीत आम्ही फरशीवर खडूनं पंचवीस घरं आखायचो आणि फोडलेले चिंचोके टाकून खेळायचो. झाडणाऱ्या बाईंनी एकदा आमची चांगलीच खरडपट्टी काढली, तेव्हा त्यानं तोच खेळ कॉम्प्युटरवर, पायथन भाषेत लिहिला. एक नंबरचा खेळाडू तो, दोन नंबरचा मी. पुढे क्लास बंद पडला आणि तो हैदराबादला नोकरीला गेला. आधी रोज फोन, मग सणावारी, मग मोबाइलवर नुसती ईदेची आणि दिवाळीची चित्रं. विसरला तो आपल्याला, असं मी मनात धरून बसलो होतो. मग मीच का फोन करू?

पण तो खेळ पाहून वाटलं, हा मोबाइलवर आणला तर दोन गावांत बसून आम्ही खेळू शकू. निदान तासभर तो समोर असेल. मला दुसरं काहीच नको होतं. खेळ बनवायचं जे साधन मला येत होतं त्याची भाषा लुआ, म्हणून पायथनचं लुआ करायला बसलो.

दोन्ही भाषा दिसायला सोप्या, पण एकीचं दुसरीला पटत नाही. पायथन शून्यापासून मोजते, लुआ एकापासून. 'आहे का?' असं विचारलं तर पायथनच्या लेखी शून्य म्हणजे 'नाही', आणि लुआच्या लेखी शून्य म्हणजेसुद्धा 'आहे'. त्यामुळे पटावर अजून न उतरलेल्या, म्हणजे शून्य घरात असलेल्या माझ्या चारही सोंगट्या उतरल्या असं लुआनं धरलं आणि दान पडायच्या आधीच त्या चालायला लागल्या. मी मोठ्यानं हसलो. ऐकायला घरात कोणी नव्हतं, ते जरा लागलं.

मग ती ओळ आली. एक नंबरच्या खेळाडूनं मिनिटभरात चाल केली नाही तर त्याची पाळी जायची. दोन नंबरच्याला मात्र मर्यादाच नव्हती. तो कळ दाबेपर्यंत सगळा प्रोग्राम नुसता थांबून राहायचा. म्हटलं, सापडली! भल्या माणसाला दोघांना एक नियम लावता आला नाही. शिवाय मोबाइलच्या खेळात असं थांबलं तर पडदाच गोठतो. मी दोघांनाही मिनिटाचं घड्याळ लावलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

लिंक पाठवली. दोन तासांनी उत्तर आलं, "गुरुवारी सुट्टी हाये, दुपारी खेळू." गुरुवारी मी दाढी केली. मोबाइलवरच्या खेळासाठी दाढी कायले, हे मलाही कळलं नाही.

खेळ रंगला. त्याच्या दोन सोंगट्या मी मारल्या. तेवढ्यात गॅसचं सिलिंडर आलं. ते आत ओढून, जुनं बाहेर देऊन परत येतो तर माझ्या तीन पाळ्या गेलेल्या. फोन वाजला. दीड वर्षानं त्याचा आवाज ऐकला.

"अबे, तुही पाळी आपोआप काहून जाऊन राह्यली?"

"म्या मिनिटाचं घड्याळ लावलं. तुह्या कोडात चूक होती यार. तुले मिनिट, अन् मले काहीच नाई."

"चूक नोती ते. तुही माय अंथरुणावर होती ना तवा? तू खेळता खेळता उठून तिले जेवू घालाले जाये. कवा अर्ध्या तासानं ये, कवा पाऊण तासानं. म्हून तुह्यासाठी थांबाचं ठेवलं होतं."

आईला भरवून मी परत यायचो तेव्हा तो डबा न उघडता बसलेला असायचा. याला भूक उशिरा लागते, असं मला वाटायचं. एवढी वर्षं तसंच वाटत आलं होतं.

"मंग परत टाकतो ते ओळ," मी म्हणालो.

"राहू दे घड्याळ. चांगलं हाये. आता एवढा येळ कोणाले राह्यते? खैर, ठेवतो. घरी पाव्हणे येऊन राह्यले."

"पुन्हा कवा?"

"पाहू."

मी घड्याळ काढलं, पण फक्त त्याचं. माझं मिनिट मला राहू दिलं. दोन दिवस लागले. पडदा न गोठता थांबायचं तर लुआला सतत विचारत राहावं लागतं, आला का, आणि 'नाही' असं उत्तर मिळालं की पुन्हा तेच. नवा डाव मांडला. पहिलं दान माझं, चार पडले, एक सोंगटी पटावर उतरवली.

त्याला आता तीन आठवडे झाले. पाळी त्याचीच आहे. खेळाची लिंक मी त्याला दोनदा पाठवली. तुझी आठवण येते, एवढं एक वाक्य मात्र अजून पाठवलेलं नाही.