दात दुसऱ्या पानावर

एका निरपराध माणसाला मी पोळ्यापासून होळीपर्यंत हवालातीत ठेवलं. मी पोलिसांचा अमीन नव्हतो, तहसीलदार नव्हतो. त्याच्या सुटकेचा अर्ज लिहिणारा होतो. अर्ज फार चांगला उतरला, म्हणून तो अडकला. दहा वर्षं झाली, हे मी कोणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

हे सगळं पहिल्या चार ओळींतच सांगून टाकलं, त्याला कारण आहे.

त्या काळी हिंगोलीच्या कचेरीसमोर लिंबाखाली आम्ही दोन अर्जीनवीस बसत असू. एक मी, तिशीतला, आणि माझ्या शेजारी एक म्हातारे काका, ज्यांनी मला हे काम शिकवलं. राज्य निजामाचं, कचेरीची जबान उर्दू. खेड्यापाड्यातली माणसं आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायची आणि आम्ही ते 'जनाब-ए-आली' करून उर्दूत उतरवायचो. समोर पत्र्याची पेटी, पेटीवर दौत, आणि पेटीच्या आत, अर्जांच्या कोऱ्या कागदांखाली, माझं दुसरं काम. मी हेरकथा लिहीत असे. मराठीत. पुण्याच्या एका मासिकात त्या छापून यायच्या आणि त्याचा मला नको तेवढा अभिमान होता.

माझा हेर मुंबईत राहायचा. मी मुंबई पाहिलेली नव्हती. हिंगोली स्टेशनवर एक गार्ड ओळखीचा होता, त्याला विचारून मी रस्ते लिहायचो, आणि तो बिचारा पूर्णा जंक्शनच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता हे मला फार उशिरा कळलं. एका कथेत माझा हेर गिरगावातून पूर्वेला वळतो आणि दहा पावलांत समुद्रावर पोचतो. एका वाचकाने संपादकांना कार्ड टाकलं, 'पूर्वेला दहा पावलांवर समुद्र नाही, माझी मावशी राहते.' संपादकांनी ते कार्ड मला पाठवलं आणि खाली लिहिलं, 'मावशींची भेट घेऊन पुढील कथा पाठवावी.'

कथा आधी बायकोला वाचून दाखवायचो. ती वाती वळत ऐकायची. दुसऱ्या पानावर आलो की म्हणायची, "बास. कळलं कोन ते."

"कसं काय?"

"जो पयल्या पानावर लई वंगाळ दिसून राहिला, तो चोर नसतोय. तुमचं ठरलेलंच हाय. आधी गरिबाला झोडपायचं, मग शेवटाला त्याचीच माफी मागायची."

मला राग यायचा, कारण ते बराबर होतं. माझी सगळी कला तेवढीच होती. पहिल्या पानावर एका साध्या माणसाभोवती असा संशय विणायचा की वाचकाने त्याला मनातल्या मनात फाशी द्यावी. मग शेवटी हेराने खिशातून एखादी बारीकशी वस्तू काढायची, आणि वाचकाने तोंडात बोट घालायचं.

काकांना माझं हे दुसरं काम ठाऊक होतं. ते मराठी वाचत नसत, पण चेष्टेला जबान लागत नाही. "तुह्या हेराला म्हणावं," ते म्हणायचे, "आमच्या पेशकाराला दुसऱ्या पानावर हुडकून दाव. मग मानलं."

पेशकार म्हणजे तहसीलदार साहेबांपुढे कागद वाचून दाखवणारा कारकून. आमचा पेशकार पहिलं पानच वाचायचा. बहुतेकदा तेही पुरं नाही. चारपाच ओळी झाल्या की 'वगैरा वगैरा' म्हणून कागद पालथा घालायचा. काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच होतं, "पयल्या चार ओळीत मानूस सोडवायचा. बाकीचा सगळा सलाम."

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी पोळ्याला सहासात दिवस झाले असतील. साखऱ्याकडच्या एका तांड्यावरून एक बाई चालत आली. पोट पुढे आलेलं, सातवा-आठवा महिना असावा. ती माझ्या पेटीसमोर बसली, पाणी मागितलं, प्याली, आणि म्हणाली, "मुन्शीबाबा, माह्या मानसाला सोडवा."

साखऱ्याजवळच्या एका शेतकऱ्याची बैलजोडी भर दुपारी गायरानातून नाहीशी झाली होती. तीही पोळ्याच्या तोंडावर, म्हणजे गावाच्या तळपायाची आग मस्तकात. जोडीचा एक कासरा हिच्या झोपडीमागं सापडला आणि अमिनाच्या जवानांनी हिच्या नवऱ्याला नेलं.

"कासरा तुमच्याकडं काहून आला मग?" मी विचारलं.

"अवो, त्या समद्या शिवाराचे कासरे माहाच मानूस वळतोय! अंबाडी मालकाची, हात याचे. झोपडीमागं कासरा न्हाई तर काय मोटार सापडन?"

"आणि त्या दिवशी होता कुठं तो?"

"माह्या म्हायेरी. जवळा बाजाराकडं. दाढ ठणकून राहिली व्हती, तर बाजारातल्या दात काढनाऱ्याकडं गेला. दोन मानसं छातीवर बसले तवा निघाला. असा बोंबलला म्हनत्यात, की समदा बाजार गोळा झाला. शेळ्या सुटल्या!"

असं म्हणून तिने कमरेच्या पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्या पेटीवर सोडली. आत दाढ होती. मोठी, किडकी, तीन मुळांची.

"बाईच्या जातीनं हे काहून जपून ठेवलं?" काका हसत म्हणाले.

"त्यानंच दिला व्हता ठेवायला. म्हने, एवढी तकलीफ दिली यानं, याला मी सुखासुखी फेकनार न्हाई."

आता माझी अवस्था सांगतो. साखऱ्याहून जवळा बाजार म्हणजे बैलगाडीने दोन दिवसांची वाट. एकाच दिवशी माणूस दोन्हीकडे असू शकत नाही. साक्षीला अख्खा बाजार. आणि वर हा दात! माझ्या कोणत्याही कथेत माझ्या हेराच्या खिशातून इतकी सुंदर वस्तू कधी निघाली नव्हती. समोर एक पोटुशी बाई बसली होती, पायाला धूळ, डोळे माझ्या टाकाकडे. आणि मला दिसत होता तो शेवट.

मी अर्ज लिहिला. दोन पानं. रोज एक पान लिहिणारा मी, त्या दिवशी दोन लिहिली. पहिल्या पानावर मी काय केलं? बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून देश पालथा घालणाऱ्या जातीत हा जन्मला, असं लिहिलं. बैल याच्या हाकेवर चालतो, असं लिहिलं. जोडी नाहीशी झाली त्याच दिवशी हाही तांड्यावर नव्हता. कासरा याच्याच झोपडीमागे, याच्याच हातचा. 'हुजूर पुसतील, की मग शक तरी कोणावर करावा?' या सवालावर पान संपवलं. पेशकाराला पान उलटायला लावीन, अशी माझी खात्री. मग दुसऱ्या पानावर दाढ, बाजार, शेळ्या, सगळं. तांड्याच्या माणसावर संशय घ्यायला या मुलुखात कोणाला कागद लागत नाही. मी पानभर घेतला, आणि तोही उत्तम उर्दूत.

"काय लिवलं, दावा की सांगून," ती म्हणाली.

मी तिला दुसरं पान सांगितलं. फक्त दुसरं.

ती हसली. "शेळ्याबी लिवल्या?"

"लिहिल्या."

"मंग सुटंल," ती म्हणाली. अंगठा उठवला. दाढ माझ्याकडेच ठेवली. पुरावा आहे, बोलावलं की हजर करीन, असं मी अर्जात लिहिलं होतं. काकांनी दोन पानं पाहून नुसती भुवई वर केली. "दोन?" एवढंच म्हणाले. मी म्हणालो, मामला तसा आहे.

तीन दिवसांनी पेशकार स्वतः लिंबाखाली आला. आजवर कधी आला नव्हता. पान खात, खूश होऊन म्हणाला, "क्या लिखे जी मुन्शीजी! पूरा सफा पढ़ के सुनाया मैं साहब को. साहब बोले, चोर तो यहीच है!"

"और दूसरा सफा?"

"दूसरा?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी जेवणानंतर पुन्हा जेवण मागितलं. "अजी, इत्ता पढ़ के बी शक रहता क्या?"

आता खरं बोलायचं ते हे. त्याच क्षणी मी चार ओळींचा नवा अर्ज लिहायला हवा होता. कागद पेटीत होता, शाई दौतीत होती. पण मला आधी आनंद झाला. ज्या माणसाने जन्मात कोणाचं पान पुरं वाचलं नाही, त्याने माझं पान शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं होतं! इतकी दाद मला पुण्याहून कधी आली नव्हती. तो आनंद घटकाभरच राहिला असेल. पण नवा अर्ज लिहायचा तर तो कशासाठी, हे काकांना सांगावं लागणार, बाईला सांगावं लागणार, पेशकारापुढे 'मीच चुकलो' म्हणावं लागणार. उद्या लिहू म्हणालो. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून कार्ड आलं, दिवाळी अंकासाठी कथा ताबडतोब पाठवा. मी कथा लिहिली. पहिलं पान आयतं होतं; उर्दूतून मराठीत आणलं, तांडा मुंबईच्या बंदरावर नेला, बैलजोडीच्या जागी मोत्याचा हार घातला. ती माझी सगळ्यांत गाजलेली कथा. संपादकांनी लिहिलं, 'पहिल्या पानाला तोड नाही.'

नवा अर्ज मी लिहिलाच नाही. आठवड्याभराने लिहिला तर उशीर का, महिन्याभराने लिहिला तर इतका उशीर का, असं करत करत तो लिहिण्याजोगा राहिला नाही.

ती दर पंधरा दिवसांनी यायची. मग यायची थांबली. बाळंत झाली असेल हे मी बोटांवर मोजलं. मुलगी झाली, असं तांड्यावरच्या कोणीतरी सांगितलं.

होळीच्या दोन दिवस आधी बैल सापडले. शेतकऱ्याच्याच जावयाने नेऊन दूरच्या बाजारात विकले होते. सासऱ्याने आदल्या वर्षीच्या पोळ्याला जोडी देतो म्हणून शब्द दिला होता आणि पाळला नव्हता. जावयाने तो परस्पर पाळून घेतला. कासरा त्यानेच वाटेत झोपडीमागे टाकलेला. असा शेवट मी संपादकांना पाठवला असता तर त्यांनी 'पटत नाही' म्हणून साभार परत केला असता.

होळी झाल्यावर तिघं माझ्या पेटीसमोर येऊन बसली. बाई, तिचा नवरा आणि चारपाच महिन्यांची पोर. तो माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पानभर लिहिलं होतं त्याच्यावर, पण पाहिलं नव्हतं. बारीक, लाजाळू, हसला की दाढेची फट दिसायची.

"लेकरू अजून जवळ येत न्हाई माह्या," तो म्हणाला. "बघितलं की भोकाड. म्हनलं, बाई, मी चोर न्हाई, बाप हाय."

बायको त्याला कोपराने ढोसत म्हणाली, "तिला काय ठावं? तिनं कागद कुटं वाचला?"

सगळे हसले. काकाही हसले. मीही.

मग बाईने काचा लावलेली, लाल-निळ्या दोऱ्याने भरलेली एक लांबट पिशवी माझ्यापुढे ठेवली. टाक ठेवायला. हवालातीच्या फेऱ्यांत बसल्या बसल्या तिनेच शिवलेली. "तुमच्या कागदानं सुटला," ती म्हणाली. "उशीर लागला, पन सुटला."

"बराबर," मी म्हणालो.

इतक्या हेरकथा लिहिल्या, हजारांनी खोटं लिहिलं. पण माझं सगळ्यांत मोठं खोटं त्या एका शब्दाचं आहे.

त्यानंतर माझ्या कथा बिघडल्या. पहिल्या पानावर कोणा गरिबाकडे बोट दाखवायला टाक उठेना. खरा चोर पहिल्याच परिच्छेदात दाराशी येऊन उभा राहायचा, स्वतःहून. संपादकांनी दोनदा विचारलं, 'रहस्य कुठे आहे?' तिसऱ्यांदा विचारलं नाही, कथाही मागितली नाही. बायको म्हणाली, "अवो, आजकाल तुमचा चोर लगीच सापडतोय. हेराला कामच न्हाई. काहून?" मी म्हणालो, वय झालं. ती म्हणाली, "हेराचं का तुमचं?" आणि वाती वळू लागली. मला वाटतं, ती पुढचं विचारायचं मुद्दाम टाळत होती. तिला पहिल्या पानावरूनच कळतं.

काका गेले. निजामाचं राज्यही आता गेलं. इथून पुढे कचेरीत मराठी अर्ज चालतील म्हणतात. मला त्या बातमीने सगळ्यांसारखा आनंद झाला, आणि लगेच धडकी भरली. इतकी वर्षं मी त्या उर्दूच्या आड बसलो होतो. माझ्याकडे त्या अर्जाचा मसुदा आहे. परवा मी त्याचं पहिलं पान मराठीत उतरवलं, साधं, त्या बाईला समजेल असं. वाचून पाहिलं. अजूनही चांगलं आहे. तेच वाईट आहे.

ती पोर आता दहाची झाली असेल. साखऱ्याचा रस्ता मला माहीत आहे. गाडी मिळते. अजून गेलो नाही.

त्या माणसाला मी ते पहिलं पान तोंडावर वाचून दाखवायचं देणं लागतो. आणि त्याची दाढ. ती काचांच्या पिशवीत, टाकाशेजारी आहे.