केमिस्टच्या रकान्यातलं नाव

"आज तू झाडू घे. तपासणीचा साहेब असंपर्यंत लॅबच्या दारात दिसायचं न्हाई."

मालकांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. माझ्या अंगात पांढरा एप्रन होता. तो त्यांनी काढायला लावला आणि आपल्या जावयाच्या हातात दिला. जावईबापूंना तो आखूड झाला. दोघं हसले. मी झाडू घेतला. हो, घेतला. खोटं कशाला सांगू?

कामथडीजवळच्या त्या कारखान्यात गढूळ पाणी निवळायचं रसायन बनतं. मी बीएस्सी आहे, केमिस्ट्री घेऊन. पण पहिल्याच दिवशी मालकांनी माझं आडनाव विचारलं आणि मला बाटल्या धुवायला लावलं. आम्ही बौद्ध. आडनावावरून ते कळतं, तेवढ्यासाठीच तर विचारतात. पुढे आधीचा केमिस्ट सोडून गेला तेव्हा बाटल्या धुणारीच मालाची तपासणी करू लागली. पाच वर्षं प्रत्येक बॅच मी तपासली. हजेरीपटावर मात्र हेल्पर.

मग सरकारचा नियम आला. हे रसायन बनवणाऱ्यानं आणि परदेशातून आणणाऱ्यानंही गुणवत्तेची नोंदणी केलीच पाहिजे. नोंदणी नसेल तर माल विकायचा नाही. अर्जात एक रकाना होता. केमिस्टचं नाव, शिक्षण, सही. माझी पदवी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी मालकांकडे गेले. त्यांनी ती पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही.

"तुझं नाव दिल्लीपत्तूर जाणार व्हय माझ्या कंपनीच्या कागदावर? लोकं म्हणतील, ह्याला आपल्यातलं एक माणूस मिळंना."

रकान्यात जावयाचं नाव लागलं. त्यांचीही पदवी केमिस्ट्रीचीच, पण ते पुण्यात फ्लॅट विकतात. मला माझ्याच तपासणीच्या वह्या नव्यानं लिहून काढायला बसवलं. आकडे माझे, अक्षर माझं, प्रत्येक पानाखाली सही त्यांची. जुन्या वह्या मालकांनी बॉयलरमध्ये टाकल्या. मी बघत उभी राहिले.

तुम्ही विचाराल, तेव्हाच का नाही सोडलं? सोडून कुठं जाऊ? वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना उचलून बसवायला आईला माझा हात लागतो. वेल्ह्याकडच्या आमच्या गावातून सकाळी एक एसटी कारखान्याजवळ नसरापूरला येते, संध्याकाळी परत जाते. त्या गाडीनं जाऊन-येऊन जमेल अशी दुसरी लॅब मला सापडली नाही. लई शोधली. मी संडासात नळ सोडून रडायची आणि डोळे पुसून परत कामाला लागायची.

माझ्या हातात झाडू दिला त्याच दिवशी नोंदणीचे अधिकारी आले. वयस्कर गृहस्थ, शांत. वह्या चाळून झाल्यावर जावयाला म्हणाले, "आता एक तपासणी माझ्यासमोर करून दाखवा."

मी लॅबच्या खिडकीखाली झाडत होते. खिडकी उघडी होती. आमच्या तपासणीत काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा असतो. पिवळं द्रावण एका थेंबात गुलाबी होतं. तिथं थांबायचं. जावईबापू थांबले नाहीत, सगळं लाल करून बसले. दुसऱ्यांदाही तेच. मला त्यांची कीव आली, हेही खरं.

तेवढ्यात मालक बाहेर आले. हलक्या आवाजात म्हणाले, "आत ये. बाटल्या धुतीयास असं दाखव, आन कुठं थांबायचं ते त्यास्नी हळूच सांग. साहेबाला कळता कामा न्हाई."

माझ्यावाचून त्यांचं अडतं, हे पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांना मान्य करावं लागलं होतं. आणि तरीही मी कुणाला दिसायला नको होते. माझं डोकं तडकलं.

मी आत गेले. बाटलीला हात लावला नाही.

"साहेब, ही तपासणी रोज मी करते. वहीतले आकडे माझे आहेत, सही ह्यांची आहे. खऱ्या वह्या जाळल्या."

मालक मागून म्हणाले, "झाडूवाली हाय साहेब. डोक्यानं जरा कमी हाय."

साहेबांनी मला विचारलं, "करून दाखवाल?"

मी करून दाखवलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा आकडा जुळला. साहेबांनी तो लिहून घेतला, नमुना सीलबंद केला आणि गेले. माझं नाव त्यांनी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी माझी नोकरी गेली. नोंदणी अडकली, माल पडून राहिला, कारखाना बंद झाला. माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या सगळ्या घरी बसल्या. गेल्या आठवड्यात पॅकिंगच्या आक्का आमच्या घरी आल्या. मालकांनी त्यांच्या हाती एक कागद पाठवला होता. मी हेल्पर आहे, त्या दिवशी रागाच्या भरात खोटं बोलले, असा मजकूर. तो साहेबांना दाखवून त्यांना नोंदणी सोडवायची होती.

"सही कर बाई," आक्का म्हणाल्या. "तुझ्या एका नावापायी आमच्या चुली इझल्या. तुलाबी परत घेत्यात म्हनं."

"आक्का, तुमचं खरं हाय. पन मी हे लिहून देणार न्हाई."

त्यांनी चहाला हात लावला नाही. उठल्या, पायरीवर बसून रडल्या आणि गेल्या. घरात औषधं संपत आलीत. आई माझ्याशी धड बोलत नाही. मला भीती वाटते.

पण मी माझा जबाब लिहून काढलाय. कोणी तपासलं, कोणी सही केली, काय जाळलं, सगळं. उद्या पुण्याला जाऊन साहेबांच्या ऑफिसात स्वतःच्या हातानं देणार. उद्या घेतला नाही तर परवा परत जाईन, तेरवा परत जाईन. ते विचारोत न विचारोत, पहिल्याच ओळीत लिहिलंय मी कोण ते. केमिस्ट. आणि पुढे माझं पूर्ण नाव, आडनावासकट.