धरायचं नसतं!

डाएटिशियनकडे लोकांची वजनं उतरोत न उतरोत, किस्से मात्र वाढतच जातात! सदाशिव पेठेत माझं छोटंसं क्लिनिक आहे. खाल्लेलं सगळं वहीत लिहायचं, एवढाच माझा नियम. बाहेरच्या बाकावर आमचे बाबा बसतात. मोतीबिंदूमुळे पेपर वाचता येत नाही आणि साखर उतरेपर्यंत ऑपरेशन नाही. मग काय, पेशंटांच्या गप्पा ऐकायच्या. तिथेच सगळा घोळ झाला.

*

खराडीच्या आयटी कंपनीतला एक मुलगा. वहीत आठवडाभर नुसती सॅलड, आणि वजन दीड किलो वर!

"पिझ्झा वगैरे काही?"

"तो टीम लंचचा होता, मॅडम. मी ऑर्डर केलाच नव्हता. तो धरायचा नसतो!"

संध्याकाळी बाबा शेजाऱ्यांकडे बर्फी खाताना सापडले. "मी कुठे मागितली? त्यांनी दिली. ही धरायची नसते."

*

"काकू, एका दिवसात सहा साबुदाणा वडे?"

"अगं, एकादशी होती! उपासाचं अंगाला लागत नाही."

बाबांनी जन्मात कधी उपास केला नव्हता. त्या आठवड्यात दोन केले.

*

पवारकाका खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. वही एकदम शिस्तीत. 'सकाळी सात. मिसळ. पाव तीन.'

"काका, पाव बंद सांगितले होते ना?"

"मग उरलेल्या रश्श्याचं काय करायचं? अन्न टाकू नये, मॅडम!"

बाहेरून बाबांचा आवाज आला, "अगदी बरोबर!"

*

ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे गेलं तेव्हा मात्र मला रडूच फुटलं. "अहो बाबा, डोळे जातील तुमचे! मला भीती वाटते हो."

बाबांनी पेपरची घडी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "शब्दकोडं हल्ली तुझी आई वाचून दाखवते. आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तीच सांगते. हे काही जगणं नाही. आजपासून गोड बंद!"

आणि खरंच बंद. दोन महिने! शेजाऱ्यांची बर्फी आली तशी परत गेली. साखर उतरली, ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यावरची पट्टी काढली. आईनं माझा हात घट्ट धरला होता.

"काय आजोबा, दिसतंय का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, अगदी सावकाश.

"अगं, केवढी सुटलीस तू!"