न वाळणारा डोंगर

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबा घरी बसले, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी जलरंगाच्या मागे लागले होते. चित्रकलेच्या कोर्सचं माझं शेवटचं वर्ष. निसर्गचित्रं द्यायची होती. बोरिवली पूर्वेच्या आमच्या खोलीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसायचा. मी हट्टाने तोच धरला.

तो काही केल्या येत नव्हता. पोस्टर कलरमध्ये बिघडलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात झाकायची सोयच नाही. ढग हवा असेल तर तेवढा कागद कोरा सोडायचा. चुकून ब्रश लागला की ढग गेला. पहिला हात वाळायच्या आत दुसरा दिला की झाडीचा हिरवा आभाळात चढतो. आणि त्या हवेत दोरीवरचे टॉवेल वाळत नव्हते, तर कागद कुठला वाळायला? मी तो पंख्याखाली धरायचे, स्टोव्हच्या धगीवर धरायचे, शेवटी धीर सुटून ब्रश टेकवायचे. डोंगराचा चिखल व्हायचा. मी कागद फाडायचे.

बाबा खाटेवरून बघत असायचे. सकाळी युनियनच्या सभेला जायचे, दुपारी परत. संप कधी मिटणार असं कुणी विचारलं की उठून गॅलरीत जायचे.

एका दुपारी मात्र जमलं. ओल्या झाडीतून पाणी आपसूक वर सरकलं आणि डोंगराच्या कमरेला धुकं उतरलं. मला ब्रशने ते कधीच काढता आलं नसतं. कागद तसाच सोडून मी खाली नळावर गेले. परत येऊन पाहते तर बाबा त्यावर इस्त्री फिरवत होते. धुकं करपलं होतं, हिरवा रंग इस्त्रीला लागून सगळ्या ढगावर फासला गेला होता.

"सुकत नाय होता म्हणान," ते म्हणाले. इस्त्री कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

मी म्हटलं, "बाबा, त्याला काही करायचं नसतं. नुसतं थांबायचं असतं."

त्यांनी प्लग काढला. "थांबलंयच मां गो मी. आणखी किती थांबू?"

त्यांनी चपला घातल्या आणि ते खाली उतरून गेले.

संप मिटायची वाट न बघता दिवाळीआधी त्यांनी गोरेगावला एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली. तोवर हवा कोरडी झाली होती. एका सकाळी डोंगर एका बैठकीत उतरला. रंग सांगेन तिथे थांबले. सर छान म्हणाले, मार्कही बरे मिळाले. मला ते चित्र कॅलेंडरवरच्यासारखं वाटत होतं, सगळं जागच्या जागी आणि आत ओल नाही. बाबांनी खाकी शर्टाची बटणं लावता लावता ते पाहिलं, "बरा हा" म्हणाले आणि डबा घेऊन निघाले.