मास्तरांची हिरवी रेघ

टेलर मास्तरांचे हात थरथरायचे, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. "टाके मशीन मारतं, मी नाही," म्हणायचे. खरी पंचाईत पायांची. पार्किन्सनने त्यांना नेमकं दारात गाठायला सुरुवात केली होती. घरातून झपझप निघालेला माणूस दुकानाच्या उंबरठ्याशी आला की पाय जमिनीला टाचल्यासारखे. मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली, आत लेक कपाळाला हात लावून.

"बाबा, सोमवारपर्यंत हे दार आपलं आपण ओलांडा," शेवटी तिने सुनावलंच. "नाहीतर तुमचं कापायचं टेबल घरी पाठवते. बसा आईचे पडदे शिवत!"

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल गेलं की मागे उरणार तो नुसता एक म्हातारा.

इस्पितळात या अडकणाऱ्या पावलांवरच संशोधन चाललं होतं. तिथली एक संशोधक मुलगी मास्तरांसाठी काठी घेऊन आली. बटण दाबलं की पायांपुढे प्रकाशाची हिरवी आडवी रेघ.

"काका, सवयीचं चालणं अडतं, पण ओलांडायला काही दिसलं की मेंदू कधीकधी दुसऱ्या वाटेने पाय हलवतो. सगळ्यांना नाही जमत. कुणाला जमतं, तेच बघतोय आम्ही."

मास्तरांनी बटण दाबलं. वाकले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "तिरकी आहे."

"अहो, ओलांडा ना!" बायको करवादली.

"अगं, तिरक्या रेघेवर पुढे गेलं की कापड वाया!"

जन्मभर रेघ दिसली की त्यांची कात्री पुढे गेली होती, पाय कधीच नाही. सगळा आठवडा काठी इकडे-तिकडे फिरवून रेघ फरशीच्या सांध्याशी जुळवण्यात गेला. पाय जिथल्या तिथे.

सोमवारी इस्पितळातली मुलगी कॅमेरा घेऊन दुकानात हजर. लेक टेबलाशी, हाताची घडी घालून; बायको तिच्या शेजारी. मास्तर दारात आले, अडकले, बटण दाबलं, रेघ पडली. सवयीने डोळा मिटणार, तोच गिऱ्हाइकांसाठी कधी कूसही न बदलणारी दुकानातली लठ्ठ मांजर रेघेवर झेपावली आणि शेपटी पसरून आडवी झाली.

"अगं बये, शेपटी!" म्हणत मास्तरांनी लांब ढांग टाकली. पलीकडे! काठी पुढे सरकली, रेघ सरकली, मांजरीने पुन्हा उडी घेतली. पुन्हा "शेपटी!", पुन्हा ढांग. अशी वरात थेट टेबलापर्यंत.

"जमलं!" मुलगी ओरडली. मग डोकं खाजवत म्हणाली, "पण काका, लिहू काय? रेघेमुळे की मांजरीमुळे?"

"दोन्ही लिही," टेबल कुरवाळत मास्तर म्हणाले. "आणि रेघ तिरकी होती, तेही लिही."

लेकीने हसत मांजरीची दुधाची वाटी उचलून दाराशी नेऊन ठेवली. बायको मात्र फणकारली, "माझ्या हाकेला कधी एवढं पाऊल उचललं नाही हो!"