एक्केचाळीस नंबरच्या झाडाचा हेका

आमच्या धाकट्या बहिणीला घरात सगळे कात्री म्हणतात. हात जितका चालतो, तितकंच तोंडही. सव्वीस वर्षं ती आलुबुखाराच्या संशोधन बागेत आहे. तिथे ती झाडं लेकरांसारखी जपते आणि मग स्वतःच्या हाताने त्यांना आजारी पाडते. आता हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडेच संशयाने बघतात.

त्याचं असं आहे. आलुबुखाराला विषाणूचा एक रोग होतो. पानांवर फिकट कडी उमटतात, फळं खड्डे पडून पिकायच्या आत गळतात. औषध नाही. मग रोग होणारच नाही असं झाड जन्माला घालायचं. कात्री एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावते, त्या फळाची कोय रुजवते आणि रोप हातभर झालं की त्याच्या सालीत रोगट झाडाचा डोळा भरते, म्हणजे सालीच्या तुकड्यासकट एक कळी बसवते. वर पट्टी. पुढे पानांवर कडी दिसली की रोप नापास, थेट भट्टीत.

"म्हणजे लेकरू वाढवायचं आणि पडशाचा रुमाल त्याच्या नाकाला लावायचा," मी एकदा म्हणालो.

"पडशाचा नाही दादा, देवीचा. आणि हसू नकोस, यंदा एकोणसाठ गेली."

हसण्यासारखं खरंच नव्हतं. साठ रोपांतलं एकच उरलं होतं, आणि बागेच्या प्रमुख बाईंनी सांगून टाकलं होतं की महिनाअखेर जाळीघर रिकामं करायचं. तिथे पीचची रोपं येणार. कात्रीची चौदा वर्षांची मेहनत त्या एका रोपावर टांगलेली, आणि त्यावर, एक्केचाळीस नंबरवर, डोळाच जगेना. पंधरा दिवसांत काळा पडून गळायचा. नियम असा, की डोळा धरला नाही तर परीक्षाच झाली नाही. असं रोपही बाकीच्यांबरोबर भट्टीत.

तिने एकदा भरला, दोनदा भरला, चारदा भरला. वहीत मात्र एकदाही लिहिलं नाही. कारण घरात बसले होते मेहुणे. तेही त्याच बागेत कलमं बांधतात, आणि कुणाचा हात चांगला यावरून या नवराबायकोचं लग्नापासून जुंपलेलं. बायकोचा डोळा फसला हे त्यांना कळलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. तिने सांगितलं ते मला. मी म्हटलं, "अगं, मेहुण्यांना भरू दे."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना, ताटाकडे बघतच, म्हणाली, "अहो, एक्केचाळीसवर जरा डोळा भरून द्याल?"

मेहुण्यांचा घास हातातच राहिला. "का? कात्रीची धार गेली?"

"भरायचा तर भरा. बोलायचे वेगळे पैसे मिळत नाहीत."

त्यांनी भरला. बारा दिवसांनी आम्ही तिघं जाळीघरात गेलो. रोग पसरवणारी मावा कीड आत शिरू नये म्हणून दोन दारं, मध्ये अंगरखा बदलायचा. त्या अंगरख्यात माझं पोट मावत नाही, ते असो. मेहुण्यांनी पट्टी सोडली. डोळा कोळशासारखा काळा.

"पट्टी जुनी होती," मेहुणे म्हणाले.

"हो ना. माझ्याही चारही पट्ट्या जुन्याच होत्या."

"चार?" असं म्हणून ते पोटभर हसणार, एवढ्यात तिची नजर खाली गेली. बुंध्याशी, मागच्या बाजूला, आणखी एक पट्टी.

"अहो, हा कुठला डोळा?"

मेहुणे टोपी चाचपायला लागले. "तो होय... निरोगी झाडाचा. म्हटलं, एखाद वेळी फसलाच तर हातात दोष नाही एवढं दाखवायला असावा."

तिने पट्टी सोडली. आतला डोळा हिरवागार, जणू तिथेच जन्मलेला. ती खाली बसली आणि वरचा काळा डोळा नि खालचा हिरवा आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, "हे झाड चांगल्याला धरतंय आणि रोगट तेवढं मारून टाकतंय. आपले हात ठीक आहेत. आणि मी याला नापास करायला निघाले होते."

दुसऱ्या दिवशी प्रमुख बाईंसमोर तिने स्वतःच्या अक्षरात चारही फसलेले डोळे वहीत चढवले.

"आधी का नाही लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

"लाज वाटली, मॅडम."

"पाचवाही लिहा," मागून मेहुणे म्हणाले. "माझा."

प्रयोगशाळेत पानं तपासली, विषाणूचा मागमूस नाही. पीचची रोपं दुसरीकडे गेली.

तिसऱ्या वर्षी एक्केचाळीसला फळं धरली, गोट्यांएवढी. कात्रीने पहिलं माझ्या तोंडात घातलं. माझे कान हलले.

"कसं आहे, दादा?"

"रोग याच्या वाटेला का जात नाही, ते कळलं."

"आता याचा बागेतल्या सगळ्यात गोड झाडाशी संकर करायचा," ती म्हणाली. "बारा वर्षं तरी जातील."

"दोन वर्षांत निवृत्त होशील गं."

"मग?" म्हणत तिने उरलेल्या आंबट फळांच्या कोया धुवायला घेतल्या, आणि मेहुणे मुकाट्याने शेजारी बसून त्या पुसायला लागले.