मागे राहणाऱ्याचा शब्द

साल दोन हजार तेवीस, माझं वय चौऱ्याहत्तर. क्लेमेंटी वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली तेव्हा एका आयरिश मुलीला भाड्यानं दिली होती. ती विद्यापीठात समुद्री शेवाळावर संशोधन करायची. मी चौथी शिकलेला, पण सगळी हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. समुद्राबद्दल ती मला काय शिकवणार? तिनं शिकवला एक शब्द. स्लॉन.

तिच्या आजीच्या भाषेतला. अर्थ सुखरूप, धडधाकट, कुठं मोडतोड न झालेला. निरोपाला हाच शब्द, पण त्यात मेख आहे. जाणाऱ्यानं म्हणायचं ‘स्लॉन अगत’, म्हणजे सुखरूपपणा तुझ्यापाशी राहो. राहणाऱ्यानं म्हणायचं ‘स्लॉन ल्याट’, तो तुझ्यासोबत जावो. आणि ‘तुझ्यापाशी’ हा त्यांच्यातही एकच शब्द, आपल्यासारखा. इंग्रजीला तिथं दोन सुटे तुकडे लागतात. मला ही भाषा तिथंच पटली.

“अंकल, विद्वान म्हणतात, स्लॉन आणि तुमचा ‘सर्व’ एकाच मुळातले.”

“म्हणजे आमच्याकडूनच नेलात.”

“नाही हो, दोघं एका जुन्या शब्दाची नातवंडं.”

“असतील. पण थोरली पाती आमची.”

यावर तिनं वाद घातला नाही. समजूतदार होती.

भानगड झाली ती कायमची मायदेशी निघाली त्या दिवशी. दारात मला “स्लॉन अगत” म्हणाली आणि उत्तरासाठी उभी राहिली. आजीची शिकवण अशी, की राहणाऱ्याचा शब्द घेतल्याशिवाय उंबऱ्यावरून हलायचं नाही. मी तो देणार नव्हतो. उभ्या आयुष्यात मी जाणारा. बोटीवर निघताना ‘येतो’ म्हणायचं आणि जिना उतरायचा, मागं राहायचं काम बायकोचं. या वयात मला कुणी दारात राहणारा ठरवावं?

“मी कुठं राहतोय?” मी चपला घातल्या. “मीपण निघालोय. बस स्टॉपपर्यंत.”

बायको दह्याची वाटी घेऊन उभी होती. हातावर दही घालायचं ते अगदी निघताना, आणि आता खरं निघणं कुठलं हेच ठरेना. तिनं वाटीवर ताटली झाकली आणि आमच्यामागं लिफ्टमध्ये शिरली.

बस स्टॉपवर मुलगी पुन्हा म्हणाली. मी बसमध्ये चढलो. एमआरटी रेल्वेच्या फाटकाशी म्हणाली. मी कार्ड टेकवून आत.

“अंकल, प्लीज लाह!” इथल्यांचा ‘लाह’ तिच्याही तोंडी बसला होता. “माझं विमान चुकेल.”

“गाडीत आपण सगळेच जाणारे. राहणारा कुणी नाहीच, तर बोलायचं कुणी?”

“अहो, दही आंबलं,” बायको म्हणाली.

चांगी विमानतळावर शेवटी काचेच्या दारापाशी पहारेकऱ्यानं मला अडवलं. बोर्डिंग पास नव्हता. वरच्या पाटीवर तिच्या विमानापुढं लाल अक्षरं लुकलुकायला लागली. मुलगी बॅग धरून उभी, डोळे भरलेले, पाय हलेना. मी पहारेकऱ्याला समजावलं, की मी राहणाऱ्यातला नव्हे. तो म्हणाला, “अंकल, यू स्टे हिअर.”

तेव्हा बायको पुढं झाली. “बाई गं, यांच्या तोंडाची वाट बघशील तर विमान उडून जाईल.” मुलीच्या तळहातावर दही घातलं आणि स्वच्छ म्हणाली, “स्लॉन ल्याट.”

मुलीनं दही चाटलं. पहारेकऱ्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. ती गेली.

परतीच्या गाडीत रिकामी वाटी माझ्या मांडीवर. मी विचारलं, “तुला कसं येतं ते?”

“त्यात यायचं काय? दारात उभं राहायचं नि म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पिशवी घेऊन खाली निघाली. मी खुर्चीतून उठलो, दारात जाऊन उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, “स्लॉन ल्याट.”

“अहो, कोथिंबीर आणायला चाललेय,” ती लिफ्टपाशी वळून म्हणाली. “दार लावा.”

लिफ्ट खाली जाईपर्यंत मी दार लावलं नाही.